पिठाच्या हातानं उघडणारी बाटली

अव्वा, आज माझ्या विद्यार्थ्यांना मी कणीक मळायला लावली, आणि तेव्हापासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस. प्रयोगशाळेत खाण्याचं काही आणायचं नाही हा नियम माझाच, म्हणून शेजारच्या रिकाम्या वर्गात बाकांवर वर्तमानपत्रं अंथरली, घरून नेलेलं पीठ परातीत ओतलं आणि यंदा संशोधनाला आलेल्या सगळ्यांना म्हटलं, मळा. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. जळकोटकडची एक मुलगी आहे, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "म्याडम, आम्ही पीएचडीला आलोत का तुमच्या घरच्या सैपाकाला?" मी म्हटलं, आधी मळ, मग बोल. सगळ्यांचे हात मनगटापर्यंत बरबटले तेव्हा प्रत्येकापुढं आम्ही तयार केलेली फवाऱ्याची छोटी बाटली ठेवली. म्हटलं, आता ही एका हातानं उघडा. दुसऱ्या हातात तुमच्या पोराचं डोकं आहे आणि ते पोरगं थांबायचं नाव घेत नाही, असं समजा. एकालाही उघडता आली नाही. टोपण घसरायचं, बाटली बाकाखाली जायची, फवारा भलतीकडंच उडायचा. आधी हसत होती, मग बाटली उलटसुलट करून बघायला लागली. जळकोटची पोरगी हात तसेच धरून म्हणाली, "म्याडम, मंजे ही बाटलीच चुकली आपली." मी म्हटलं, हाव. आणि मला खिडकीकडं तोंड करून उभं राहावं लागलं, कारण मला तुझे हात दिसत होते.

आम्ही इथं नांदेडला नेमकं काय करतो, हे तुला कधी धड सांगायचं झालंच नाही. तू विचारायचीस तेव्हा मी घाईत असायची, आणि मी मोकळी झाले तेव्हा तू नव्हतीस. साधं आहे गं. मेंदूवर चालणारं औषध पोटातून दिलं तर लांबचा फेरा पडतो. पोटातून रक्तात, रक्तातून मेंदूपर्यंत, आणि मेंदूच्या दाराशी एक भिंत असते ती बहुतेक औषधांना आत सोडतच नाही. पण नाकात अगदी वरच्या अंगाला, जिथं आपल्याला वास कळतो, तिथं मेंदूच्या नसा खाली उतरलेल्या असतात. नाकाच्या आतलं कातडंही पातळ, त्याखाली रक्ताचं दाट जाळं. त्यामुळं तिथून गेलेलं औषध लवकर पोचतं. शिवाय दातखीळ बसलेली असली तरी नाक उघडं असतं. अडचण एवढीच की नाक काही टिकू देत नाही, आत आलेलं सगळं झाडून काढतं. मग ते औषध तिथं थोडा वेळ थांबावं कसं, नाकाची आग होऊ नये कशी, फवारा नेमका वर जावा कसा, यात आमची वर्षं जातात. फेफऱ्यासाठी, कंपवातासाठी, म्हातारपणी विसरायला होतं त्यासाठी. माझ्या हाताखाली पोरं येतात, शिकतात, कुणी हैदराबादला जातं, कुणी पुण्याला. मी त्यांना नाक शिकवते. लोह्याकडचा एक मुलगा गावी गेला की त्याचा आजा विचारतो म्हणे, "अजून नाकातच हायस का रं?"

भूकंपाचं लोक मला अजून विचारतात. लातूर जिल्हा म्हटलं की विचारतातच. मी सांगते, लहान होते, आठवत नाही. खरं तर आठवतं ते तुकड्यातुकड्यानं. गणपती बुडवून आलो होतो, पायाला चिखल तसाच होता. मग तोंडात माती. मग जवान लोक माळवदाची माती उपसत होते आणि तू त्यांना कानडीतच ओरडून सांगत होतीस, इथं नाही, तिकडं, तिकडं लेकरू आहे. त्यांना कळत नव्हतं म्हणून तू नखांनी उकरायला लागलीस. माझ्या पाठचा धाकटा सापडला. अप्पा सापडले तेव्हा त्यांना हाक मारून उपयोग नव्हता. धाकट्याच्या डोक्यावर तुळईचं टोक बसलं होतं. सोलापूरच्या दवाखान्यात तो पुष्कळ दिवस होता, आणि उठून चालायला लागला तेव्हा पत्र्याच्या शेडांतली बायामाणसं त्याला बघायला आली. देवाची करणी म्हणाली. तूही गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन किती वेळ बसली होतीस. पहिली फिट आली ती त्यानंतर वर्षाच्या आतच, शेडाबाहेर गोट्या खेळताना. त्या दिवशी कुणी चप्पल आणली, कुणी कांदा फोडला, कुणी हातात किल्ल्या दिल्या. तेव्हापासून तुझ्या पदराला कायम एक कांदा असायचा.

गावात नवी घरं मिळाली तरी तू राहिली नाहीस. लातूरला मोठा दवाखाना आहे, एवढं एकच कारण तू सगळ्यांना सांगितलंस. क्लासेसच्या मागच्या गल्लीत आपण दोन खोल्या घेतल्या आणि तू खानावळ काढलीस. लातूर तेव्हा बघता बघता बदलत होतं. चौकाचौकात पोरापोरींच्या फोटोंचे मोठमोठे फलक लागत होते, कुणाला कुठं मेडिकलला नंबर लागला ते, आणि उदगीर, देगलूर, अहमदपूर, कुठून कुठून आईबाप पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन पोरांना सोडायला येत होते. पोरं घामेजून यायची, पाटावर बसायची, जेवता जेवता एकमेकांना प्रश्न विचारायची. तू चुलीपुढून न उठता ऐकत राहायचीस. तुला पेशी माहीत होती, गुणसूत्रं माहीत होती, फक्त ते शब्द तू तुझ्या पद्धतीनं वळवून घ्यायचीस. पोरं हसली की तूही हसायचीस. कुणी रविवारच्या परीक्षेत मार खाऊन आलं, ताटावर नुसतं बसून राहिलं, की तू न विचारता त्याच्या वरणावर तूप वाढायचीस आणि ते "साकु, मावशी, साकु" म्हणेपर्यंत थांबायची नाहीस. 'पुरे'साठीचं तुझं कानडी त्यांनीही उचललं होतं. मीही त्याच क्लासला जात होते. घरी येऊन त्याच पंगतीला वाढत होते आणि त्याच पोरांबरोबर मेडिकलची स्वप्नं बघत होते.

तो दिवस सांगायला मला अजून जड जातं, पण तुला सांगण्यात काय, तू होतीसच. दुपारची पंगत बसली होती. धाकटा पाणी वाढत होता, त्याला ते काम आवडायचं. तांब्या खाली पडल्याचा आवाज आला आणि तू मागं न बघताच ओळखलंस. भाकरी तव्यावर टाकून धावलीस. तुझे दोन्ही हात पिठाचे. त्याचं डोकं मांडीवर घेतलंस, पदराची गाठ सोडायला गेलीस तर बोटं पिठानं घसरत होती. मी कांदा फोडून दिला. तू त्याच्या नाकाशी धरलास, धरूनच राहिलीस. नेहमी थोड्या वेळात थांबायचं, त्या दिवशी थांबेना. ओठ काळेनिळे झाले. पोरं ताटावरून उठून भिंतीला लागली होती. सगळी डॉक्टर व्हायला आलेली, आणि सगळी भ्यालेली; पोरंच होती ती. देगलूरकडचा तो उंच मुलगा तेवढा उष्ट्या हातानं रस्त्यावर पळाला आणि रिक्षा घेऊन आला. रिक्षात तू धाकट्याला धरून बसलीस, मी त्याचे पाय धरले. गंजगोलाईच्या बाजारातल्या गर्दीत रिक्षा अडकली. तू ओरडली नाहीस, रडली नाहीस. त्याच्या कानाशी तोंड नेऊन नुसतं "आलं, आलं, आलं" म्हणत होतीस.

दवाखान्यात शिरेतून औषध गेलं तेव्हा थांबलं. पण थांबायला फार उशीर झाला होता. त्यानंतर त्याचा उजवा हात कधी पहिल्यासारखा झाला नाही, आणि बोलताना शब्द शोधायला लागला. तिथले डॉक्टर चांगले होते गं, तरुण होते. त्यांनी तुला खाली बसून समजावून सांगितलं की कांद्याचा काही उपयोग नसतो, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि लवकर आणायचं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "साहेब, तोंडातून द्यायचं न्हाई, सुई आमाला येत न्हाई. मग दवाखाना येईस्तोवर मी काय करू?" ते म्हणाले, "आई, तेवढ्यासाठी अजून आपल्याकडं सोपं काही नाही." खरं तेच सांगितलं त्यांनी. तू मान हलवलीस. घरी आल्यावर पदरातला कांदा भाजीच्या टोपलीत टाकलास आणि नंतर कधी बांधला नाहीस. रिकाम्या हातानं लेकरू धरून बसणं किती अवघड असतं, ते मला त्यानंतरच्या फिटमध्ये तुझ्याकडं बघून कळलं.

मेडिकलला माझा नंबर थोडक्यात हुकला. निकालाच्या दिवशी मी मागच्या खोलीत तोंड उशीत घालून पडले होते आणि तुझ्या खानावळीतल्या पोरांचे आईबाप पेढे घेऊन येत होते. तू प्रत्येकाचा पेढा घेतलास, प्रत्येकाला डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिलास. मग आत आलीस. मला वाटलं जवळ घेशील. तू म्हणालीस, "ऊठ. भाकरी थाप." मी म्हटलं, अव्वा, माझं सगळं संपलं. तर तू इतक्या जोरात बोललीस की बाहेरच्या बायका थबकल्या. "काय संपलं? घर पडलं का? कोण मेलं का? म्या बघितलंय संपल्यालं. हे त्ये न्हवं." मी उठले. भाकरी थापायला बसले, आणि रडत रडत थापत राहिले. दुसऱ्या दिवशी तूच सगळीकडं विचारून आलीस. म्हणालीस, "नांदेडला औषधं करायचं शिकवतेत म्हणं. डाक्टर लई झाले आपल्या हातचं खाऊन. औषध कोण करतंय?"

अशी मी नांदेडला आले. तू दर आठवड्याला धपाटे नि शेंगाची चटणी बांधून लातूरच्या स्टँडवर एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यायचीस आणि मी इकडं गाडीची वाट बघत उभी राहायची. गठुडं उघडलं की खोलीभर तुझा वास. शिकत गेले, संशोधनाला लागले, आणि सरांनी जेव्हा विचारलं की कशावर काम करायचं, तेव्हा मला विचार करावा लागला नाही. त्या वेळी सर नुकतेच नाकावाटे औषध देण्याच्या कामाला लागले होते. त्यांनी मला पहिला धडा दिला तो बाजारातला. आपल्या घरात कधी अंडं आलं नाही, आणि सर मला सकाळी सकाळी खाटकाच्या दुकानावर घेऊन गेले. प्रयोगाला बकऱ्याच्या नाकातलं ताजं कातडं लागतं, माणसाच्या नाकाशी ते पुष्कळ जुळतं. मी पदराचं टोक तोंडाशी धरून उभी. दुकानवाले चाचा सरांना ओळखत होते, पण माझ्याकडं बघून त्यांना हसू आवरेना. "लोगां मगज लेतेत, पाये लेतेत. नाक कायकू होना तुमको?" मी म्हटलं, "शिकायला, चाचा." ते म्हणाले, "अच्छा है. बकरेने तो कबी स्कूल देख्या नै, उसका नाक देख लेगा." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढच्या वेळी मी एकटी गेले.

तुला हे सांगायची हिंमत मला झाली नव्हती. धाकट्याला नांदेडच्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून तू आलीस आणि हट्टानं माझी प्रयोगशाळा बघायला आलीस, तेव्हा ते आपसूक उघडं पडलं. काचेच्या दोन कप्प्यांच्या मधे ते पातळ कातडं ताणून बसवलेलं होतं. तू वाकून बघत होतीस.

"हे काय गं?"

"बकऱ्याच्या नाकातलं कातडं, अव्वा."

तू झटकन मागं सरलीस, पदर नाकाला लावलास. मग लांबूनच विचारलंस, "आन् कराय काय लागली त्येचं?"

"वरच्या कप्प्यात औषध टाकायचं. कातड्यातून खाली किती उतरलं, किती लवकर उतरलं, ते बघत राहायचं."

"मंजे फिट आल्यावर नाकात टाकायचं?"

"हाव."

तू धाकट्याकडं बघितलंस. तो खिडकीपाशी उभा राहून बाहेरच्या गाड्या बघत होता. मग तू आपणहून पुन्हा जवळ आलीस, त्या काचेच्या इतकी जवळ की तुझ्या श्वासानं ती धुरकट झाली. "माणसाच्या नाकात कवा?" म्हणालीस. मी म्हटलं, लई पुढं आहे ते. आधी हे, मग उंदीर, मग किती तपासण्या, किती परवानग्या. तू सरळ उभी राहिलीस आणि गाडी चुकल्यावर बोलावं तशी सहज म्हणालीस, "मंजे माझ्यानं बघणं व्हायचं न्हाई." मी काहीतरी बोलले, असं काय बोलतीस, असं. पुढच्या आठवड्यात एसटीनं धपाट्यांबरोबर एक कोरा स्टीलचा डबा आला, घट्ट झाकणाचा. धाकट्यानं फोनवर तुझा निरोप तसाच्या तसा म्हणून दाखवला, "ह्यो त्या नाकासाठी हाय. खायच्या डब्यात आणू नको, आन् हा घरात आणू नको." मी फोन ठेवून हसत सुटले, खोलीतल्या मैत्रिणी विचारायला लागल्या काय झालं. एवढी मोठी भेट मला कुणी दिलेली नाही, अव्वा. तुझी मनाई तू न मोडता माझ्यासाठी वाट काढलीस.

तुझं दुखणं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वर आलं. पोटात पाणी व्हायला लागलं तरी तू खानावळ बंद केली नाहीस, बसून थापत राहिलीस. दवाखान्यात देगलूरचा तो उंच मुलगाच होता, आता डॉक्टर झालेला. तो ड्यूटी संपल्यावरही तुझ्या खाटेशी येऊन बसायचा, आणि तू त्याला विचारायचीस, जेवलास का रं. मला वाटत होतं तू मला काहीतरी मोठं सांगशील, आईबाप जाताना सांगतात तसं. तू एवढंच म्हणालीस, "न्हाणीची कडी लावू दिऊ नको त्येला. येकटा न्हातंय, पडतंय." तुला गावी नेऊन माती दिली. नव्या गावठाणाच्या कडेला आपलं रान आहे तिथं, अप्पांच्या शेजारी.

धाकटा आता माझ्याकडं असतो. न्हाणीला कडीच ठेवलेली नाही. विष्णुपुरीच्या रस्त्यावर एका झेरॉक्सच्या दुकानात तो बाइंडिंगचं काम करतो, डाव्या हातानं कागद सरळ करतो, उजव्यानं नुसता दाब देतो. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध त्याच्याच हातून बांधून जातात. "अक्का, तुझी पोरं लई जाड लिहितेत," म्हणतो, "नाक येवढं, आन् बुक येवढं." आमच्या प्रयोगशाळेतली बाटली अजून माणसापर्यंत पोचलेली नाही, हे तुला खरं सांगायला हवं. पोचेल की नाही ठाऊक नाही. पण दुसऱ्या कुणीतरी, कुठल्यातरी लांबच्या प्रयोगशाळेत, आमच्यासारख्याच पोरांनी केलेला फवारा आता औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो. तो आपल्या घरात असतो, फळीवर, हाताला येईल असा. पहिल्यांदा आणला त्या दिवशी मी तो हातात घेऊन स्वयंपाकघरात किती वेळ उभी होते. एवढासा तो. तुझ्या मुठीत दिसलाही नसता. तू त्या डॉक्टरांना विचारलं होतंस ना, दवाखाना येईस्तोवर मी काय करू? त्याचं उत्तर माझ्या हातात होतं आणि विचारणारी नव्हती.

मी पोरांना शिकवताना तुझं नाव घेत नाही. त्यांना सांगते, घरात आजार असलेल्या एखाद्या बाईकडं जाऊन दिवसभर बसा, लिहून घेऊ नका, नुसतं बसा. बघा तिचे हात कधी मोकळे असतात. ती जळकोटची मुलगी आज जाताना दारात थांबली. म्हणाली, "म्याडम, माझ्या चुलतीलाबी फिट येतेत. मी कुणाला सांगितलं न्हवतं." मी म्हटलं, मग तू बाटलीचं टोपण कर. ती हो म्हणाली. उद्यापासून लागेल कामाला.

एवढं लिहून झाल्यावर जे सांगायला बसले ते सांगते. गेल्या महिन्यात रविवारी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि आत धाकट्याला फिट आली. बऱ्याच दिवसांनी आली. मी त्याला कुशीवर घेतलं, नाकात फवारा दिला आणि पाठीवर हात ठेवून बसले. थांबली, अव्वा. चटकन थांबली. ओठ निळे झाले नाहीत. रिक्षा नाही, गर्दी नाही, शेजाऱ्यांनाही कळलं नाही. तो तिथंच झोपला. जागा झाला तेव्हा डोळे अजून लांब कुठंतरी होते. फिटनंतर माणूस थोडा वेळ भांबावलेला असतो, कुठं आहोत ते कळत नाही, आणि अशा वेळी शांतपणे खरं तेच सांगायचं, असं मी पोरांना शिकवते. त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "अक्का, अव्वा कुठं गेली?"

मी म्हटलं, "गंजगोलाईला गेलीय, भाजीला. येईलच आता."

"हां," म्हणाला, आणि पुन्हा डोळे मिटले.

हे मी त्याला सांगितलेलं नाही, कुणालाच नाही, आणि हा कागदही कुठं जायचा नाही म्हणून तुला सांगते. तो झोपल्यावर मी तिथंच बसून राहिले, आणि कितीतरी वेळ मीही दाराकडं बघत होते.